बिनपोटाचे आकडे

रेडियमचे सुटे आकडे कापून विकणं हा माझा धंदा आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. सुटे आकडे कोणी विकत घेतं का? घेतं. इतवारीतले दुकानदार माझ्याकडून पाकिटं नेतात, कळमन्यातले फळवाले गाळ्यांवर आणि क्रेटवर लावायला नेतात, फ्लॅटवाले दारासाठी नेतात. आमच्या नागपूरच्या उन्हात दारावरचा एखादाच आकडा सुकून गळून पडतो. मग त्या माणसाला तेवढा एकच हवा असतो, आणि त्या एकासाठीही तो घासाघीस करून जातो.

लकडगंजमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कापायचं मशीन आहे. मशीन फक्त वरचं चिकट रेडियम कापतं, खालचा कागद अखंड राहतो. मग आकड्याभोवतीचं नको ते रेडियम हातानं सोलून काढायचं. खरी कटकट त्यानंतरची. इंग्रजी शून्याच्या, सहाच्या, नवाच्या आत एक तुकडा उरतो, चाराच्या आत त्रिकोण उरतो, आठात तर दोन. ते सुईच्या टोकानं हलकेच उचलावे लागतात. आमच्या घरात याला ‘पोट काढणं’ म्हणतात. शब्द बाबांचा.

बाबा इतवारीच्या सराफ्यात जडाईचं काम करायचे. अंगठीत, कुड्यांत खडे बसवण्यात त्यांची उमर गेली. काम सुटलं, पाठोपाठ आई गेली, आणि ते दिवसभर खुर्चीत बसून पंख्याकडे बघू लागले. बोलायचं नाही, रागवायचं नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट्यानं खायचं. मला ते बघवेना. एका सकाळी मी आठांचा कागद आणि सुई त्यांच्यापुढे आदळली आणि म्हटलं, बसल्याबसल्या एवढं तरी करा. दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी हजर! आठवडा झाला नाही तोच माझ्या कामातल्या चुका काढायला लागले. मी वैतागले आणि मनातून सुखावले. माझे बाबा मला परत मिळाले होते.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी चालणं सुधारलं, हात काही थांबले नाहीत. सुई पोटात जायच्या ऐवजी कडेला लागायची आणि आकडा फाटायचा. फाटलेला आकडा ते चुरगाळून शर्टाच्या खिशात टाकायचे. कपडे धुवायला घेतले की ते चिकट गोळे माझ्या हाताला लागायचे. मी ते गुपचूप फेकून द्यायचे. वाया गेलेल्या मालाचं मला काही नव्हतं. बाबा त्या टेबलावरून उठले तर पुन्हा पंख्याखाली जाऊन बसतील, आणि या खेपेला मी त्यांना परत आणू शकणार नाही, याची मला फार धास्ती होती.

म्हणून मी एक शहाणपणा केला. एक, दोन, तीन, पाच, सात यांना पोट नसतं. हे आकडे वेगळ्या कागदावर कापून मी भोवतालचं सोलण्यासाठी बाबांपुढे ठेवायला लागले. पोटवाले सगळे मी ठेवून घ्यायचे आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की स्वयंपाकघरात बसून उरकायचे. काही दिवस हे बिनबोभाट चाललं. मला तर स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं.

एका सकाळी कागद पुढे ओढत बाबांनी विचारलं, “काहून वं, लोकायनं आठ घेनं सोडलं का?”

“शनीचा आकडा म्हन्तात बाबा. कोनीच घेत नाही आता.”

“अन् शून्य? त्याच्यावर कोन बसला?”

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

“तू मले फसवून राहिली,” ते म्हणाले. “जा, आठाचा कागद आन.”

मी आणून दिला. बाबांनी डावा पंजा उजव्या मनगटावर दाबून धरला आणि सुई टेकवली. आठाचं वरचं पोट अलगद निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत जुनी चमक होती. खालच्या पोटाला हात उसळला आणि आकडा मधोमध फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. मी न राहवून पुढे झाले.

“हात नको लावू,” ते ओरडले.

कितीतरी वेळ ते एकामागून एक आठ फाडत राहिले आणि मी उभी राहून बघत राहिले. त्या दिवशी फाटलेले आकडे त्यांनी खिशात टाकले नाहीत, टेबलावरच पडू दिले. शेवटी सुई शर्टाच्या टोकाला पुसून त्यांनी डबीत ठेवली.

“आठ मी सोडला,” ते म्हणाले. “तू घेतला नाही माझ्यापासून, मी सोडला. ध्यानात ठेव.”

मी आत जाऊन रडले. सांगायला लाज कसली.

तेव्हापासून कागदाची वाटणी तेच करतात. पोटवाले बाकीचे आकडे त्यांनी त्याच सुमारास माझ्याकडे सरकवले. नंतर नुसतं भोवतालचं सोलतानाही वळणावर हात अडखळायला लागला, तसा आधी तीन गेला, मग पाच. दोन बरेच दिवस राहिला होता. प्रत्येक वेळी सकाळचा चहा पिताना ते जाहीर करतात, “आजपासून दोन तुहा.” मी बरं म्हणते. दुसरं काय म्हणणार? टेबलावरून मात्र ते उठलेले नाहीत. शर्ट अजून इस्त्रीचाच लागतो आणि माझ्या चुकाही रोज निघतात.

परवा सात गेला. आता त्यांच्याकडे फक्त एक आहे. सरळसोट आकडा, सोलायला सगळ्यांत सोपा, तरी त्यांचा एकेका एकाला खूप वेळ जातो. आज मी मशीनवर नवा कागद लावत होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“एक मी नाही सोडनार. तो तुले घ्यावा लागन.”