दोरीवरचे कागद आणि माझं पेन

मी नऊचा पाढा घेत होते आणि माझा अर्धा वर्ग खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर चौथीच्या वर्गासमोर, व्हरांड्यात, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. त्यांवर चिमटे लावून बिस्किटांचे रिकामे पुडे, बियाणाची पाकिटं, साबणाचे कागद, एसटीची तिकिटं टांगलेली. चौथीची पोरं त्याखाली उड्या मारत होती.

“नऊ सक?” मी विचारलं.

उत्तराऐवजी पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, “मॅडम, आमी चौथीत कवा जाणार?”

“पाढे आले की.”

“मग लवकर घ्या की.”

वर्ग हसला. मी नाही हसले.

आमची जिल्हा परिषदेची शाळा ढोकीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. चार वर्ग, चार शिक्षक. माझी नोकरी सव्वीस वर्षांची, त्यातली अकरा इथंच गेली. माझ्या पोरांचं अक्षर आणि माझ्या पोरांचे उच्चार यासाठी आमच्या केंद्रात माझं नाव घेतलं जायचं. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा एक गट असतो, त्याला एक केंद्रप्रमुख साहेब असतात. साहेब नवीन शिक्षकांना सांगायचे, एकदा मॅडमचा तिसरीचा वर्ग बघून या. मला ते ऐकायची सवय लागली होती.

जूनमध्ये मोरे सर आले. वय अठ्ठावीस, राहणार तेर, रोज मोटारसायकलवर येणार. त्यांना चौथी मिळाली. म्हणजे गेल्या वर्षी माझ्या हाताखाली असलेलीच पोरं. महिनाभरात ती पोरं मला व्हरांड्यात ओलांडून जायला लागली. वर्षभर मी त्यांच्या शेंबडासकट सगळं बघितलेलं, आणि आता गाडीचा आवाज आला की फाटकाकडं पळायची ती सरांसाठी. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस झाले, नव्वद झाले, पोरं पळायची काही थांबेनात.

त्या दोऱ्यांवरून मी एकदा हटकलंच. “सर, हा कचरा वर टांगलाय कशाला? साहेब आले तर स्वच्छतेचे गुण जातील.”

सर म्हणाले, “मॅडम, डावीकडची दोरी न वाचलेल्यांची. ज्याला जो कागद वाचता आला, त्यानं तो मला वाचून दाखवायचा आणि उजवीकडच्या दोरीला लावायचा. मागं आपलं नाव लिहायचं. शनिवारी मी नावं बघतो. कुणाचं वाचन कुठवर आलं ते कळतं.”

“म्हणजे परीक्षा?”

“परीक्षाच. पोरांना तसं सांगितलं नाही एवढंच.”

मी “बरं” म्हणून वर्गात आले. सरळ सांगते, मला राग कचऱ्याचा नव्हता. हे मला का सुचलं नाही, याचा होता. सव्वीस वर्षांत बिस्किटाचे पुडे मी किती उचलून टाकले असतील.

सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातले सगळे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात त्या बैठकीत, साहेबांनी सरांना उभं करून दोरीचा उपक्रम सांगायला लावला. सगळ्यांनी फोटो काढले. वर साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, तुम्हीपण करून बघा की. शेजारीच तर वर्ग आहे.” समोर पोहे होते. दोन घास खाल्ले आणि बशी सरकवली. अंगाचा तिळपापड झाला होता, पोहे कुठले जातात.

दिवाळीच्या आधी वाचनाची पातळी ठरवायची असते. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट अशा पाच पायऱ्या. पोरगं जिथं अडकेल ती त्याची पायरी. आपल्या पोरांना आपणच झुकतं माप देतो, म्हणून यंदा साहेबांनी अदलाबदल करायला सांगितलं. माझी तिसरी सर तपासणार, सरांची चौथी मी.

मी टेबल मांडून बसले. एकेकाला पुढं बोलावलं. माझी एक पद्धत होती. पोरगं चुकलं की पेनाचं टोपण बाकावर टक् करून वाजवायचं आणि म्हणायचं, “परत.” पुन्हा चुकलं की पुन्हा टक्. उच्चार याच्यानंच सुधारतात असा माझा विश्वास होता. त्या दिवशी टोपण जरा जास्तच वाजलं. सरांनी स्वतःच्या नोंदीत सतरा पोरं गोष्टीच्या पायरीवर दाखवली होती. माझ्या यादीत नऊ उरली. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं. ही पोरं गेल्या वर्षी माझ्याच वर्गात होती, म्हणजे नाक कापलं तर माझंही थोडं कापलं जातंय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

सरांनी माझा वर्ग दोरीखाली नेला. आधी कागद, मग गोष्टीचं कार्ड, तेही पोरांच्या शेजारी फरशीवर बसून. त्यांची यादी माझ्या हातात आली तेव्हा मी दोनदा वाचली. त्यांनी माझ्या वर्गाला माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं होतं. मला ती भीक वाटली. त्यात एक नाव बघून तर मी टेबलावर यादी आपटली. आरती. माझ्या नोंदीत अक्षर, यांच्या यादीत परिच्छेद. तीन पायऱ्यांचा फरक.

आरती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. तिचा बाप बिरू मेंढपाळ. दिवाळी झाली की बायको, धाकटं पोर आणि मेंढ्या घेऊन तो बाहेर पडायचा, तो उन्हाळा संपतानाच परत यायचा. आरतीची आजी गावात राहायची. मागच्या साली बिरूनं आरतीलाही संगं नेलं होतं, वर्ष बुडालं म्हणून ती यंदा पुन्हा तिसरीतच होती. पोळ्याच्या दिवशी तो मला शाळेच्या फाटकात भेटला होता. म्हणाला, “बाई, दिवाळीपतुर तिला वाचाय आलं तर आजीपाशी ठिवतो. न्हाय आलं तर नेतो. धाकट्याला धराय तरी हुईल.” ते बोलणं मला आठवत होतं का? आठवत होतं. आणि ती पोरगी माझ्यापुढं कधी दोन शब्दांच्या पुढं गेली नव्हती, हेही खरं होतं.

मी यादी घेऊन मुख्याध्यापक जाधव सरांकडं गेले. “सर, हे मोरे सर पातळ्या वाटत सुटलेत. नवीन आहेत, सगळ्यांना खूश ठेवायचंय त्यांना.”

जाधव सर मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्यांना भांडण नको होतं. “पुन्हा तपासायचं का?” त्यांनी विचारलं.

“कशाला? दोन वर्षं माझ्यापुढं आहे ती.”

“मग वर्गशिक्षकाचीच नोंद धरा,” ते म्हणाले.

मी प्रगतिपत्रकात लिहिलं, वाचन अक्षर पातळीवर. माझ्या त्या देखण्या अक्षरात.

सुट्टी लागायला दोन दिवस होते तेव्हा बिरू ऑफिसात आला. डोक्याला पटका, हातात प्रगतिपत्रकाची घडी. त्यानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

“बाई, आमचं ते हमी कार्ड करून द्या.”

हमी कार्ड म्हणजे पोटासाठी बाहेर जाणाऱ्या घरातल्या पोरांना आम्ही देतो ते. ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. ऊस तोडायला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, ती माणसं एका ठिकाणी टिकतात. मेंढ्या चार दिवसांत रान बदलतात. आरती त्या कार्डावर कुठल्या शाळेत बसणार होती ते मलाही ठाऊक होतं आणि बिरूलाही.

मी कार्डांचा गठ्ठा काढला. तेवढ्यात मोरे सर खडूचा डबा न्यायला आत आले.

“आरतीला कार्ड कशाला?” ते बिरूला म्हणाले. “तिला वाचता येतं.”

बिरूनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ह्याच्यात तर न्हाय म्हणलंय.”

जाधव सरांनी चष्मा काढून पुसला. “बोलवा तिला,” ते म्हणाले. “बापासमोरच होऊ द्या.”

आरती आली. मी गोष्टीचं कार्ड तिच्यापुढं ठेवलं आणि पेन हातात घेतलं. तिनं एक शब्द वाचला. दुसऱ्यावर अडखळली. टक्. “परत.” तिनं माझ्या पेनाकडं बघितलं आणि ओठ मिटले. पुन्हा विचारलं तरी मान खाली ती खालीच.

“बघा,” बिरू म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. “लिवा कार्ड.”

मोरे सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

सव्वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जाधव सरांकडं बघितलं, ते फरशीकडं बघत होते. माझ्याच वर्गातल्या पोरीच्या परीक्षेतून मीच बाहेर पडले आणि हात धुवायच्या नळापाशी जाऊन उभी राहिले. ऑफिसची खिडकी तिथंच उघडते. मला ऐकायचं होतं. ती वाचू नये असंही वाटत होतं. लाज वाटते लिहायला, पण वाटत होतं.

आतून मोरे सरांचा आवाज आला. “आरती, हे कार्ड घे, बस खाली.”

“पुस्तकातलं नगं,” बिरू म्हणाला. “ते पाठ असंल. हे वाच म्हणावं.”

त्यानं खिशातून कागद काढल्याचा आवाज आला. मेंढ्यांना पाजायच्या जंताच्या औषधाबरोबर आलेला कागद होता तो, हे मागाहून कळलं. दोन महिने त्याच्या खिशात फिरत होता.

आरतीचा आवाज आला, बारीक. “मेंढ्यांना… औषध… वज… वज…”

माझा हात आपोआप वर गेला. पेन नळाच्या कठड्यावर आपटणार तेवढ्यात मी थांबले. आत कुणीच काही बोललं नाही. सरही नाहीत. ती पोरगी आपली आपण मागं गेली आणि म्हणाली, “वजनानुसार पाजावे.” मग पुढं निघाली. अडखळत, पण थांबली नाही. “दुसरा डोस… एकवीस दिवसांनी द्यावा.”

“थांब,” बिरू म्हणाला. “परत वाच ते.”

“दुसरा डोस एकवीस दिवसांनी द्यावा.”

“दुसरा? म्या तर एकदाच पाजलं. कुणी सांगितलंच न्हाय मला.” आणि मग, “अजून काय लिवलंय खाली?”

माझ्या ‘परत’ला जी पोरगी दोन वर्षं गप्प होत आली, ती बापाच्या ‘परत’ला मोठ्यानं वाचत होती. तिनं तो अख्खा कागद संपवला. खालचा दुकानाचा पत्तासुद्धा. नंतर कळलं, मधल्या सुट्टीत ती रोज चौथीच्या दोरीखाली असायची. उजवीकडच्या दोरीवरच्या अकरा कागदांमागं तिचं नाव होतं. मी त्या दोरीकडं बघायचंच सोडलं होतं, मला कुठून दिसणार.

मला आनंद झाला. पण तो मागाहून. पहिल्यांदा मनात जे आलं ते हे, की माझी पोरगी त्यांच्यापुढं वाचते आणि माझ्यापुढं नाही.

मी आत गेले तेव्हा बिरू कागदाची घडी घालत होता. “कार्ड नगं, बाई,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्या तिला म्हातारीपाशी. तिकडनं फोटू धाडीन कागदाचा, तिनं फोनवर वाचून सांगावं.” प्रगतिपत्रकाविषयी तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी नोंदवहीत ‘अक्षर’ खोडलं, ‘परिच्छेद’ लिहिलं, शेजारी सही केली. मग मोरे सरांना गाठलं. म्हटलं, “तुम्ही पातळ्या वाटता असं मी जाधव सरांना सांगितलं होतं.”

“माहीत आहे. ते बोलले मला.”

“मग भांडला का नाहीत?”

“चौथीला वाचायला तुम्हीच शिकवलंय, मॅडम. मला आयती तयार पोरं मिळाली. भांडू कोणत्या तोंडानं?”

एवढं शहाण्यासारखं बोलायला आपल्याला आधी सुचावं, तर तेही त्यांनाच सुचलं.

दिवाळीनंतर मी चौथी पुन्हा तपासली, पेन कपाटात ठेवून. नऊची सोळा झाली. सर सतराच म्हणतात. त्या एका पोरावरून आमचं अजून पटलेलं नाही.

माझ्या वर्गासमोरही आता दोऱ्या आहेत. आमच्याकडं कागद जास्त आहेत, तेवढं मी बघते. बिरू तिकडून येरमाळ्याच्या पलीकडून औषधाच्या चिठ्ठ्यांचे, दुकानांच्या पाट्यांचे फोटो पाठवतो, आजीच्या शेजारणीच्या फोनवर. आरती ते बापाला वाचून दाखवते. माझ्यापुढं मात्र तिचा आवाज अजून अडकतो. मी फळ्याकडं तोंड करून, तारीख लिहीत असल्यासारखी उभी राहते, तेव्हा ती वाचते. चुकली तरी मी वळत नाही.

नवीन शिक्षक विचारतात, मूल्यमापनात काय लक्षात ठेवायचं. मी सांगते, पोरगं अडलं की आधी आपण तिथून बाजूला होऊन बघायचं. हे शिकायला मला सव्वीस वर्षं लागली. मोरे सरांना ते जूनमध्येच येत होतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.