वीस मिनिटांचा ओव्हन

तिसरी बॅचही बरोबर विसाव्या मिनिटाला निघाली. पांढरीशुभ्र. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि रडायचीच काय ती बाकी राहिले. बिघाड सापडल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं, आणि बिघाड माझ्यासमोर व्हायला तयार नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवीन पनवेलच्या एका गाळ्यात आमची चार माणसांची कंपनी होती. कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो. प्रोग्रॅम मी लिहायचे. हे पॅनेल एका कारखान्यातल्या रंग भाजायच्या ओव्हनचं होतं, आणि मी तिथेच उभी होते. ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्ट्या वीस मिनिटं भाजायच्या. जास्त झालं की पांढरा रंग पिवळा पडतो.

"मॅडम, पॅनेल ठीकच आहे," तिथले मॅनेजर म्हणाले. "फक्त हिरामणच्या शिफ्टला माल पिवळा निघतो. झोपा काढतो तो. सध्या लोडिंगला टाकलाय, एक तारखेपासून बंदच करतोय."

हिरामण जवळच्या ओवे गावचा, टेम्पररी. मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, "रोज करता तसंच करा. मी नुसती बघते."

त्याने ट्रॉली आत ढकलली, स्टार्ट केलं आणि पॅनेलसमोरून हललाच नाही. पॅनेलवर एरवी तापमान दिसायचं. उरलेली मिनिटं बघायला एक बटण दाबून धरावं लागे. बाकीचे ऑपरेटर सरळ चहाला जात. हा दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबायचा आणि सहा-सात सेकंद धरून ठेवायचा.

"इतक्या वेळा कशाला बघता?"

"माल जळला तं माजंच नाव येतंय, मॅडम. झोपतो बोलतात. मी डोला पन मिटत नाय."

बझर वाजला तेव्हा माझ्या घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती. पट्ट्या पिवळ्या.

मी प्रोग्रॅमची छापील प्रत उघडली. पॅनेलमधल्या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये खरे, म्हणजे हार्डवेअर टायमर दोनच. मला वेळा मोजायच्या होत्या सहा: भाजणं, पंखा, बझर वगैरे. म्हणून एक हार्डवेअर टायमर सेकंदाला शंभर ठोके देणार, आणि दर ठोक्याला प्रोग्रॅम मेमरीतले सहा आकडे एकेकाने कमी करणार. हे आकडे म्हणजे व्हर्च्युअल टायमर. ठोका पडला की चिपने हातातलं काम थांबवून आधी तो मोजायचा, याला इंटरप्ट म्हणतात. उरलेली मिनिटं दाखवताना आकडा मध्येच बदलू नये म्हणून मी इंटरप्ट बंद केले होते, आणि बटणावरचं बोट उचलेपर्यंत चालूच केले नव्हते. तेवढा वेळ ठोके पडत होते, मोजत कोणीच नव्हतं. जो जास्त काळजी घेईल त्याचाच माल जळेल, असा प्रोग्रॅम मी लिहून ठेवला होता. लाज वाटली.

आमच्या कंपनीच्या मालकांना, सरांना, फोन करून सगळं सांगितलं.

"रिपोर्टमध्ये व्होल्टेजचा प्रॉब्लेम लिही," ते म्हणाले. "पुढची चार पॅनेल्स तिथेच द्यायचीयत. प्रोग्रॅम दुरुस्त करून चिप बदल आणि ये."

मी हिरामणजवळ गेले. "चूक तुमची नाही. माझी आहे."

 तो मॅनेजरच्या केबिनकडे बघून म्हणाला, "त्यांना सांगा ना. माला ठाव हाय."

सांगितलं. रिपोर्टवरही लिहिलं: प्रोग्रॅमची चूक, ऑपरेटरची नाही. हिरामण दुसऱ्या दिवशी ओव्हनवर परत लागला. चार पॅनेल्सची ऑर्डर दुसरीकडे गेली, आणि सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तेव्हापासून इंटरप्ट बंद केले की पुढच्या दोन ओळींत चालू करते. आणि टेस्टिंगला स्वतः बसत नाही. ज्याला नोकरी जायची भीती आहे, त्याला बसवते.