दोघांचा आवाज सारखा

बाळांनो, तुमच्या थोरल्या आजोबांनी कंग्राळीहून तुम्हाला दिवाळीचा व्हिडिओ पाठवल्याचं मला काल कळलं. तो पुसून टाका. सोबत मी माझा पाठवते आहे. चित्र तेच आहे, आवाज वेगळा आहे. त्यामागची हकीकत त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका.

थोरली आजी म्हणजे माझी जाऊ. मी तिला आक्का म्हणायची. तिच्या शेवटच्या दिवाळीत तिच्या मुलानं मोबाइलवर दोघांचं शूटिंग केलं. आजोबा खुर्ची टाकून समोर बसले, आक्का मागे करंज्या तळत होती. मी तिच्याजवळ करंज्या लाटत होते. आजोबा सांगत होते, "धाकट्या सूनबाईला नोकरीला मीच धाडलं." धाकटी सूनबाई म्हणजे मी. हे वाक्य मी लग्नांत, बारशांत, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा ऐकलं आहे. ते दम घ्यायला थांबले की आक्का बोलायची. आयुष्यभर तिला तेवढीच जागा मिळाली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं होतं, पण मुलानं तयार केलेल्या व्हिडिओत ते नुसतं पुटपुटणं होतं.

आक्काच्या वर्षश्राद्धाला तो टीव्हीवर लावायचं ठरलं. मी मुलाला म्हटलं, "मूळ फाइल पाठव. आवाज सारखा करून देते."

"काकू, तुम्हाला जमतंय व्हय?"

"जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे इंग्रजी निबंध नीट केलेत रं. तुझ्या बापाचं भाषण न्हाय जमणार?"

लॅपटॉपवर आवाजाची रेघ दिसते. आजोबांची डोंगरासारखी, आक्काची जमिनीला चिकटलेली. आवाज आपोआप सारखा करणारं बटण दाबून पाहिलं, तर आजोबांचं घसा खाकरणंही मोठं झालं. मग हेडफोन लावून एकेक वाक्य सुटं केलं. त्यांचं खाली ओढलं, तिचं वर नेलं, दोन्ही एकाच खुणेला टेकेपर्यंत. तिच्या शब्दांबरोबर कढईची चरचरही वर आली. ती राहू दिली.

त्यांचा आवाज खाली ओढताना मला फार बरं वाटत होतं. एकदा तर तो पुरता बंद केला. नुसतं तोंड हलतंय, बोट नाचतंय. पोटभर हसले, आणि परत आणला. मुका माणूस बिचारा वाटतो. मला ते बिचारे नको होते. त्यांनी बोलायला हवं होतं, आणि चारचौघांत त्यांना उत्तर मिळायला हवं होतं.

श्राद्धाची जेवणं उरकल्यावर घरचे सगळे टीव्हीसमोर बसले. आजोबा लगेच म्हणाले, "माझा आवाज बारीक का येतोय? वाढीव रं."

मुलानं वाढवला.

"आणि वाढीव."

तोही वाढवला. टीव्हीतले आजोबा म्हणाले, "धाकट्या सूनबाईला नोकरीला मीच धाडलं," आणि दम घ्यायला थांबले. तेवढ्याच मोठ्यानं आक्का म्हणाली, "तुम्ही न्हाय म्हणालता. रुसून जेवला न्हाईसा. मी म्हटलं, जाऊ दे तिला, तिच्या वाटचं काम मी करीन."

दारात चपला घालणारी माणसं परत आत आली. आजोबांच्या बहिणीनं पदर तोंडाला लावला. "अण्णा, रुसला होतास व्हय रं?"

"बारीक कर ते!" आजोबा ओरडले. मुलानं बारीक केलं, तर त्यांचंच पुढचं भाषण कुणाला ऐकू येईना. मी विडा चघळत बसले होते. इतका गोड विडा मी कधी खाल्ला नव्हता.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि जुना व्हिडिओ दिसेल त्याला पाठवतात. मलाही त्यांच्याशी बोलायचं नाही. मुलानं मोबाइल बदलताना मूळ फाइल घालवली, त्यामुळे ती आता फक्त माझ्याकडे आहे. आक्काचा दुसरा कुठलाही आवाज कुणाकडे नाही. हीच तिची तीन वाक्यं उरली आहेत, कढईच्या चरचरीसकट.