आठ मीटर खालची तांबोशी

…आणि नळ जायच्या आत मासे धुऊन घ्यायचे, म्हणून मी विळीवर बसले होते. एका शेगडीवर भात होता, दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी. बाहेर पाण्याची बादली अर्धी भरलेली. तेवढ्यात हे अंघोळ करून आले आणि पोस्टकार्डाएवढा एक फोटो माझ्या नाकासमोर धरला.

"हा मासा कोणता गं?"

"तांबोशी. पण अशी राखाडी का? शिळी वाटते."

"पाण्यातली आहे. जिवंत."

"मग फोटो चुकलाय. तांबोशी तांबडीच असते." मी विळीवरची उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "ही बघा. अशी."

ह्यांनी फोटो माशाच्या शेजारी धरला. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक पर कापून दे, रंग जुळवायला." फिल्मच्या रिकाम्या डबीत तो पर घालून ते कामावर गेले. संध्याकाळी आले ते हसतच. दुपारपर्यंत सगळ्या लॅबमध्ये वास सुटला होता आणि मालकांनी डबी खिडकीबाहेर फेकली होती. "फोटो?" मी विचारलं. "झकास आले. डॉक्टर खूश," म्हणाले.

हे घाटकोपरच्या एका कलर लॅबमध्ये लोकांचे फोटो छापायचे. दातांचे एक डॉक्टर समुद्रात डुबक्या मारून माशांचे फोटो काढत आणि रोल ह्यांच्याकडेच देत. पुढे लॅब बंद पडली, फिल्म गेली, ह्यांनी झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. चार वर्षांपूर्वी हेही गेले.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना एक पाकीट सापडलं. आत त्याच तांबोशीचे आठ-दहा फोटो. मासा लालभडक आणि आजूबाजूचं पाणी वांग्यासारखं जांभळं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: "रंग साफ चुकले. मी खाली असं पाहिलेलं नाही. सगळे पुन्हा छापा." एका फोटोच्या मागे ह्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं, "हिच्या म्हणण्याप्रमाणे."

म्हणजे फोटो झकास आलेच नव्हते. माझं ऐकून ह्यांनी लाल वाढवला, मालकांसमोर मान खाली घातली, आणि घरी येऊन मला हसत हसत खोटं सांगितलं. ती पेन्सिलीची ओळ रागाने लिहिली की कौतुकाने, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. वाचायची सवय वाचनालयाने लावली. तिथल्याच एका पुस्तकात सापडलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. मग तर मी चुकलेच होते. पण पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यात फरक असतो. तीस वर्षं मासे साफ केले, जिवंत तांबोशी एकदाही पाहिली नव्हती. ठरवलं, समुद्रात खाली जायचं. फोटोही आपणच काढायचा.

लेक स्नेहल म्हणाली, "आई, साठीला आलीस. मत्स्यालयात जा ना!"

"तिथे वर दिवे लावलेले असतात गं."

तुम्ही माझ्या वयाच्या असाल आणि मनात असेल, तर दोन गोष्टी आधी करा. डॉक्टरांकडून कान, छाती आणि बीपी तपासून चिठ्ठी घ्या, तिच्याशिवाय पाण्यात घेत नाहीत. आणि जवळच्या तरणतलावात चार दिवस डुबकी शिकून घ्या. मी मुलुंडला राहते, तिथल्याच तलावात शिकले. शिकवणारी प्रिया माझ्या लेकीहून लहान. पहिल्या दिवशी खाली बसून मी आनंदाने अंगठा दाखवला, तर तिने मला दंड धरून सरळ वर आणलं. "काकू, अंगठा म्हणजे वर चला! छान चाललंय म्हणायला बोटांचं वर्तुळ करायचं." अंबाडाही घालू नका, चष्म्याचा पट्टा सरकतो. वेणी घाला.

जानेवारीत निघाले. पाणी तेव्हा त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. ठाण्याहून कुडाळपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने मालवण. रिक्षाही मिळते, पण भाडं बसायच्या आधी ठरवा. किनाऱ्याजवळ एका बाईंच्या घरी खोली घेतली. जेवण त्यांच्याच हातचं: बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. माझं माहेर देवगडकडचं, त्यामुळे दुसऱ्या घासाला मी पाहुणी उरले नाही. डुबकीच्या सकाळी मात्र पोट भरू नका. मी अर्धी बशी पोहे खाल्ले, तेही होडीत जाणवत होते.

पाण्यात नेणारा रोहिदास, चाळिशीचा, मूळचा रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांतला. मी कशासाठी आले ते सांगितलं, तर होडीतले सगळे हसले.

"अगो काकी, तांबोशी बघूक पाण्यात कित्याक जातंस? ती हाटेलात ताटातच गावता!"

"माका जिती बघूची आसा," मी म्हटलं. माझी मालवणी ऐकून त्याने मला होडीत शेजारी जागा करून दिली.

पहिल्या दिवशी त्याने सोबत बाटलीत बिस्किटांचा चुरा घेतला होता. तो सोडला की पट्ट्यापट्ट्यांचे मासे गोळा होतात आणि फोटो हमखास मिळतो. मी नको म्हटलं. बोलावून आणलेल्यांचे फोटो मला नको होते. खाली गेले. कान दुखले, नाक दाबून हवा फुंकली, सुटले. मग हिरवट उजेड, खडक, आणि माझ्या श्वासाचा घोरल्यासारखा आवाज. पोपटासारख्या चोचीचा एक मासा खडक कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. कॅमेरा भाड्याचा, मनगटाला बांधलेला. श्वास घेतला की मी वर उचलली जायची, सोडला की खाली, आणि मासा चौकटीतून निसटायचा. वर येऊन पाहिलं तर बत्तीस फोटो: बुडबुडे, शेपट्या आणि माझं बोट. कॅमेरा भाड्याने घेणार असाल तर आधी पाण्याच्या बादलीत धरून त्याची सवय करून घ्या, एवढंच सांगते.

तांबोशी नाही दिसली. माझा चेहरा बघून रोहिदास म्हणाला, "उद्या दुसऱ्या खडकार जावया. थंय कपारीत एक आसता. सासरवाडेक इल्ल्या जावयासारखी, हलणा नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही आठ मीटर उतरलो. रोहिदासने माझी टाकी मागून धरली आणि मला खडकाच्या सांदीसमोर स्थिर केलं. आधी काहीच दिसलं नाही. मग एक डोळा दिसला. मग कल्ला हलला.

तांबोशीच होती. ते डोकं, तो जबडा मी अंधारातही ओळखेन. आणि ती राखाडी होती. धुरकट, पोटाशी जरा फिकी, अगदी डॉक्टरांच्या त्या पहिल्या फोटोसारखी. डॉक्टर बरोबर होते. मी श्वास अर्धा सोडून, हात दगडासारखा ठेवून तीन फोटो काढले. तिन्ही नीट आले हे तिथेच कळलं, आणि तिथेच वाईटही वाटलं. लॅबच्या काउंटरमागे मान खाली घालून उभे असलेले हे मला दिसत होते.

रोहिदासने कमरेचा टॉर्च काढला, मला सांदीतला मासा नीट दिसावा म्हणून. प्रकाश पडला.

ती लाल होती. शेपटीपासून डोक्यापर्यंत, माझ्या खिडकीतल्या माशासारखी; नाही, त्याहून जास्त. विळीवरची तांबोशी तर तेव्हाच फिकी पडायला लागलेली असणार. माझं बोट बटणावर होतं आणि ते मी दाबलं नाही. मासा वळला, शेपटी हलली, सांद रिकामी झाली.

होडीत चढल्यावर रोहिदासने विचारलं, "फोटो गावलो?"

"गावलो. राखाडी."

"अगो, टॉर्च मारलंय तेव्हाच काढूचो मां!"

"तेव्हा मी बघत होते," मी म्हटलं.

त्याने मला चहा दिला. थंडीने दात वाजत होते. त्या चहाचे पैसे माझ्याकडून घेऊ नको म्हणून तो होडीवाल्याला दटावत होता.

मुलुंडला परतले तेव्हा स्नेहल घरीच आली होती. फोटो बघून म्हणाली, "आई, मस्त आलाय! पण रंगच नाही गं याला. थांब, एक बटण दाबलं की लाल येतो." तिने फोनवर बटण दाबलं. मासा लालभडक झाला आणि पाणी वांग्यासारखं जांभळं.

मी इतकी हसले की ती घाबरली. मग कपाटातून पाकीट काढून तिला दाखवलं, डॉक्टरांची चिठ्ठी, पेन्सिलीची ओळ, सगळं सांगितलं. तिने दोन्ही फोटो शेजारी धरले आणि बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. अगदी ह्यांच्यासारखी.

"म्हणजे चूक कोणाची?" तिने विचारलं.

"मासा लाल आहे. खाली तो कोणाला लाल दिसत नाही," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी दोन्ही एकाच कागदावर आणायला पाहिलं."

ती ओळ त्यांनी कुठल्या सुरात लिहिली, ते मला अजूनही माहीत नाही. पण फोटो चुकले म्हणून परत आले, तरी वीस वर्षं त्यांनी ते टाकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या दुकानातून राखाडी तांबोशीची प्रिंट काढून आणली. मागे पेन्सिलीने लिहिलं, "आठ मीटर. टॉर्च मारल्यावर लाल होती. मी पाहिली." ती ह्यांच्या पाकिटात ठेवली, आणि नळ जायच्या आत पाणी भरून घेतलं.