गेटवर टांगलेल्या चपला

ढेकूळ काकाजी आपल्या चपला काढून सुरुवातीच्या गेटवर टांगायचे, आणि त्या तिथे लटकत असेपर्यंत आमच्या ट्रॅकवर गाडीला किक मारायची कोणाची हिंमत नव्हती. शर्यत कितीही मोठी असो, नागपूर-यवतमाळहून कितीही रायडर आलेले असोत, आधी हा माणूस पूर्ण ट्रॅक अनवाणी चालणार. वळणावर थांबून टाच रुतवणार, उडीच्या चढावर अंगठा खुपसणार, एखादं ढेकूळ उचलून मुठीत फोडणार. परत येऊन चपला पायात घातल्या की शर्यत. नाही घातल्या की नाही. कागद नाही, शिक्का नाही, मीटिंग नाही. दोन झिजलेल्या रबरी चपला, एवढंच आमचं कायद्याचं पुस्तक.

ते गेल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल डोळे पुसत बोलतात. देवमाणूस होता म्हणतात. मी तसलं काही लिहिणार नाही. त्या माणसाने माझ्या तोंडचा घास काढून घेतला, आणि का घेतला ते तीन वर्षं सांगितलं नाही.

काकाजी आंजी गावचे. सगळा जन्म ट्रॅक्टरवर, लोकांची शेतं सपाट करण्यात गेला. गावाबाहेर नाल्याकाठची पडीक जमीन आम्हा रायडरांना शर्यतीसाठी मिळाली, तेव्हा आयुष्यभर उंचवटे मोडणाऱ्या या माणसानेच आम्हाला उंचवटे रचून दिले. स्वतः मोटारसायकलला कधी हात लावला नाही. सायकलवर यायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही हवेत राह्यता, मी खाली राह्यतो. खालचं मले समजते."

कौतुक हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. मी पहिल्यांदा शर्यत जिंकलो आणि कप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी कपाकडे पाहिलंच नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. "तिसऱ्या वळणाची कड फोडली तू. भरून देजो." जिंकलेल्या माणसाने, गळ्यात हार असताना, घमेल्याने माती वाहिली. ज्याने मोडलं त्याने भरायचं, हा त्यांचा नियम. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस धावत आला, "काकाजी, लवकर सुरू करा, साहेबाले उशीर होऊन राह्यला." काकाजी म्हणाले, "साहेबाले म्हणा, माह्यासंग चाला. दोघं मिळून लवकर होईन. चप्पल काढून येजो म्हणा." साहेब मुकाट्याने खुर्चीत बसून राहिले.

माझं सांगतो. मी वर्ध्यात पंक्चरच्या दुकानात हवा भरण्यापासून सुरुवात केली. भंगारातल्या गाड्या उचलून, जोडून, विकून बोरगाव मेघ्यात स्वतःचं दुकान टाकलं. बोलण्यात मला कोणी हरवलेलं नाही. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतं तेव्हाच त्याचा शेवटचा शब्द काय असेल हे मला कळतं. फक्त या एका माणसाचा पहिला आणि शेवटचा शब्द सारखाच असायचा, आणि त्याचाच मला राग यायचा.

त्या वर्षी परतीच्या पावसाने कहर केला. वर धरणाची दारं उघडली आणि खाली नदीने नाल्याचं पाणी मागे लोटलं. ट्रॅकजवळच्या टिनाच्या शेडमध्ये आमच्या पाच गाड्या होत्या, त्या हँडलपर्यंत बुडाल्या. सायलेन्सरमधून गाळ निघाला. वळणावर रचलेले टायर वाहून गेले ते खालच्या गावच्या सोयाबीनमध्ये सापडले. ट्रॅकवर वीतभर गाळ बसला.

शर्यत बारा दिवसांवर होती, आणि त्या शर्यतीला पुण्याच्या एका टीमचा मॅनेजर मला पाहायला येणार होता. मी सत्तावीस वर्षांचा. या खेळात सत्ताविसाव्या वर्षी असा फोन एकदाच येतो. त्याने स्पष्ट सांगितलं होतं: गर्दीत कसा चालवतोस ते पाहायचं आहे, एक शर्यत पुरे.

पुराची बातमी ऐकून नागपूर, हिंगणघाट, यवतमाळहून रायडर आले. मला वाटलं, चला, ट्रॅक दोन दिवसांत उभा राहील. काकाजींनी फावडी सगळ्यांच्या हातात दिली आणि गावाकडे बोट दाखवलं. "आधी घरातला गाळ. ट्रॅकले लेकरंबाळं नाईत." तीन दिवस आम्ही लोकांच्या चुली, पेट्या आणि गोठे साफ केले. मी एकेक दिवस मोजत होतो. मग इंजिनं खोलली, डिझेलने धुतली. ट्रॅक खरवडला, भरला, दाबला. ऊन कडक पडलं आणि काळी माती पांढुरकी दिसायला लागली. मी रोज सकाळी जाऊन तिच्यावर हात फिरवत होतो.

शर्यतीच्या रविवारी सकाळी काकाजींनी चपला टांगल्या आणि निघाले. गेल्या वर्ष-दोन वर्षांत ते टाचेपेक्षा ढेकळंच जास्त तपासू लागले होते, हे मला दिसत होतं, पण म्हातारा माणूस म्हणून कोणी बोललं नाही. नाल्याकडच्या सखल वळणावर ते खूप वेळ उभे राहिले. टाच रुतवली, पुन्हा रुतवली. परत आले आणि चपलांना हात न लावता सायकलला टेकून उभे राहिले.

"नाई," म्हणाले.

मी धावत गेलो. "काकाजी, ओली आहे का?"

"मी ओली म्हटलं का?"

"मंग सुकी आहे?"

"सुकी बी नाई म्हटलं."

"मंग काय म्हणता?"

"नाई म्हणतो."

मी माझ्या धंद्यावर आलो. "बारा फेऱ्या नको, आठ करू."

"नाई."

"पाच. सखल वळण सोडून देऊ, दोऱ्या बांधून देतो."

"नाई."

"अहो, दोन-दोन गाड्या सोडा! तो माणूस पुण्याहून आलाय, माह्यासाठी आलाय!"

"त्याले चहा पाज," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. चपला गेटवर लटकत असताना मी किक मारली. असं याआधी कोणी केलं नव्हतं. तीन फेऱ्या मारल्या, त्या सखल वळणावरून, पूर्ण वेगात. माती हलली नाही. थांबून हेल्मेट काढलं आणि ओरडलो, "पाहा! झालं काही?"

काकाजी शांतपणे म्हणाले, "एक गेली. बारा गाड्या बारा-बारा खेपा जातीन तवा?"

"तं सोडून पाहा ना!"

"पाह्यल्यावर कोणाच्या घरी सांगाले जायचं? तू जाशीन?"

मी मागे वळून पाहिलं. बाकी अकरा जणांनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवली होती. एकानेही किक मारली नाही. मॅनेजरने घड्याळ पाहिलं, माझ्याशी हात मिळवला. "एकटा तर सगळेच जोरात चालवतात," म्हणाला आणि नागपूरच्या रस्त्याला लागला. तो फोन पुन्हा आला नाही.

मी गेटवरून त्या चपला ओढल्या आणि नाल्यात फेकल्या. काकाजी अनवाणीच सायकलवर बसून घरी गेले. बाकीचे रायडर कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी माफी मागितली नाही. माती भक्कम होती, मी तीन फेऱ्या मारून दाखवल्या होत्या, आणि माझा हिशेब सरळ होता: म्हाताऱ्याला अधिकाराची खाज होती.

तीन वर्षं मी ट्रॅकवर फिरकलो नाही, काकाजींचं तोंड पाहिलं नाही. मग एक जुनी गाडी पाहायला आंजीला गेलो, ती नेमकी त्यांच्या घरासमोर उभी होती. त्यांच्या सुनेने ओळखलं, आत बोलावलं. काकाजी बाजेवर होते. डाव्या पायाला पट्टी, अंगठा नव्हता. "शुगर," सून म्हणाली. "पाच वर्सं झाली, पायाले काहीच समजत नाई त्याईच्या. एकडाव पायात खिया घुसला, तं फरशीवरचं रक्त पाहून समजलं. कोणाले सांगू बी देत नव्हते."

चहा पिता पिता मी हिशेब केला. पाच वर्षं. पूर येऊन तीन वर्षं झाली होती.

"काकाजी," मी विचारलं, "त्या रविवारी तुमच्या पायाले काही समजत होतं?"

"नाई."

"काहीच?"

"काहीच नाई. सुक्या दिवसात हातानं भागे, ढेकूळ फोडून. पुराच्या मातीत वर पापुद्रा राह्यते, आतलं टाचेलेच समजते. टाच मुकी झालती."

"मंग नाई काऊन म्हटलं?" माझा आवाज चढला. सून दारात येऊन उभी राहिली.

"समजलं नाई म्हणूनच तं नाई म्हटलं."

"मले सांगाचं होतं! मी दुसरा माणूस आणला असता!"

"हाव. आणलाच असता. अन् त्यानं मातीकडे नाई, तुह्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं असतं. तुले कोण नाई म्हणते?"

वाद न घालता मी कप खाली ठेवला. दुकान टाकल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. उठून दाराशी गेलो, तर मागून त्यांचा आवाज आला, "माह्या चपला कोठी टाकल्या होत्या रे?"

"नाल्यात."

"मंग खालच्या गावी गेल्या असतीन. टायरासंग."

त्या हिवाळ्यात ते गेले. मी अजूनही म्हणतो की त्यांनी चुकीचं केलं. ज्याला कळत नाही त्याने बाजूला व्हावं, दुसऱ्याला चालू द्यावं. माझी माती भक्कम होती की नव्हती, हे आता या जगात कोणालाच कळणार नाही, आणि याचा राग माझ्याबरोबरच जाणार आहे.

ते गेल्यावर ट्रॅक कोणी चालायचा, असा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुझ्याशी कोणी भाव करू शकत नाही, तूच चाल. मी शिव्या दिल्या आणि चपला काढल्या.

यंदा पुन्हा नाला ट्रॅकवर आला. पुन्हा गाळ, पुन्हा गावातल्या चुली आधी, पुन्हा कडक ऊन. रविवारी चपला गेटवर टांगून मी चाललो. माझ्या टाचा शाबूत आहेत, खडान्‌खडा टोचतो. सखल वळणावर टाच रुतवली, पुन्हा रुतवली. खाली मऊ आहे की मला तसं वाटतंय, ते कळेना. मी खूप वेळ तिथे उभा राहिलो.

परत आलो, तेव्हा यवतमाळचा एक रायडर वाट पाहत होता. त्यालाही कोणीतरी पाहायला आलं होतं.

"भाऊ, बारा नाई तं आठ?"

"नाई."

"पाच?"

"नाई."

त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी गेटच्या आणखी जवळ सरकलो आणि माझ्या चपलांवर लक्ष ठेवून उभा राहिलो. नाला तिथून फार लांब नाही.