आत्याच्या गोगलगायीचा कायमचा क्रमांक

माझी आत्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. उभ्या आयुष्यात तिने एकच शोधनिबंध लिहिला: गोगलगाय काचेवर कशी चढते. तो लिहून होईपर्यंत न्हाणीघराची खिडकी गोगलगायींच्या ताब्यात होती आणि काका अंघोळीला शेजारी जात. निबंध कॉलेजच्या वेबसाइटवर आला, तेव्हा आत्याने त्याची लिंक दूधवाल्यालासुद्धा पाठवली.

पण कॉलेजला वेबसाइट बदलायची भारी हौस. नवे प्राचार्य आले की नवी वेबसाइट, नवा पत्ता. लगेच आत्याचा फोन: "जुनी लिंक पुसा, ही नवी घ्या." आम्ही मुकाट्याने हो म्हणायचो. पुसत कोणी नव्हतं, उघडतही कोणी नव्हतं.

तिच्या निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी मोठ्या कौतुकाने पडद्यावर ती लिंक उघडली. नेमकी जुनी. कॉलेजने सोडून दिलेलं वेबसाइटचं ते जुनं नाव एव्हाना एका दुकानाने घेतलं होतं. पडद्यावर गाद्याच गाद्या! "पाठदुखी विसरा!" सगळे पोट धरून हसले. उपप्राचार्यांनी तेवढ्यात दुकानाचा फोन नंबर टिपून घेतला.

आत्या तणतणत ग्रंथपालबाईंकडे गेली. दोघी जुन्या मैत्रिणी.

"अगं, लिंक म्हणजे नुसता जागेचा पत्ता," बाई म्हणाल्या. "जागा बदलली की संपलं. तू निबंधालाच कायमचा क्रमांक घे. निबंध कुठेही हलवला तरी तोच क्रमांक नव्या जागी नेऊन सोडतो."

"आपोआप?"

"आपोआप कुठलं! हलवणाऱ्याने नवी जागा त्या क्रमांकापुढे नोंदवायला हवी."

आत्याने 'कायमचा' एवढंच ऐकलं. क्रमांक मिळाल्यावर तिने तो आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतला. काकांचा दर वेळी मधला आकडा चुकायचा.

पुढे पुन्हा वेबसाइट बदलली, आणि क्रमांक टाकला तर 'पान सापडत नाही'! नवी जागा कोणी नोंदवलीच नव्हती. आत्या विणकाम घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसली, थेट कारकुनाच्या समोर.

"मॅडम, उद्या नोंदवतो."

"नोंदव की. मी बसलेय."

जेवणाच्या सुट्टीआधीच त्याने नवी जागा नोंदवली.

त्यानंतर काही दिवसांनी कुठल्याशा परक्या देशातल्या विद्यार्थिनीचा मेल आला. क्रमांकावरून तिला निबंध सापडला होता. "आकृती उलटी छापलीय का? गोगलगाय चढत नाहीये, उतरतेय."

आता काही खरं नाही, म्हणून काका हळूच गॅलरीत सटकले. पण आत्या खुर्चीतून उडालीच. "अहो, कुणीतरी वाचला! आकृतीपर्यंत वाचला!"

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग तिने भिंग काढलं, आकृती उलटसुलट फिरवून पाहिली आणि उत्तर लिहायला बसली. अजून दोघींचं भांडण मिटलेलं नाही. मुलगी म्हणते उतरतेय, आत्या म्हणते चढतेय. भांडायला लागल्यापासून आत्याची तब्येत मात्र झकास आहे.