चारवर थांबलेला आकडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या सगळ्या खोडी तिला पाठ आहेत, ही एक सोडून. मग तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पण सांगतोय खरा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात, प्रताप नगरच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप थाटलं होतं. मायक्रोकंट्रोलर नावाच्या चिपची तेव्हा नवी नवलाई. तिच्या पोटातच बोलण्या-ऐकण्याची सोय होती — एका पिनेनं आकडा पाठवायचा, दुसरीनं घ्यायचा. दोन डबे, दोन चिप, मध्ये लांबलचक वायर, झालं! मी हवेतच होतो.

इतवारीतल्या एका शेठजींचं गावाबाहेर कोल्ड स्टोरेज होतं. तिथे मी तापमान दाखवणारा असा मीटर बसवला, एक डबा आत, एक बाहेर. आत बटाटे, बाहेरच्या खोलीत ऑपरेटर गुलाबराव — खापा गावचे, माझ्याहून वयानं मोठे, तिथेच राहायचे. पूर्वी ते दार उघडून थर्मामीटर बघत. मीटर आल्यावर शेठजींनी दाराला हात लावायची बंदी केली, गारवा जायला नको म्हणून. खोलीतला आकडा बघायचा. चार अंश म्हणजे सगळं ठीक.

पण कॉम्प्रेसर सुरू झाला की वायरीतला निरोप बिघडायचा आणि आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. शेठजी करवादले, "काहून बंद पडून राहिलं हो हे सारखं?" मला लागलं ते. मी प्रोग्रॅम बदलला — नीट निरोप आला नाही, तर मागचाच आकडा दाखवत राहायचं. किती वेळ? ते मी घातलंच नाही. वायर पार तुटली तरी आकडा तसाच राहील, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. टेबलावर वायर उपटून पाहिली होती मी. पण पुन्हा चिप काढा, जुना प्रोग्रॅम पुसा, नवा भरा — कंटाळा केला. शेठजी मात्र खूश झाले.

एका सकाळी गुलाबरावांचा फोन आला — दाराखालून पाणी येतंय, वास सुटलाय. शेठजींच्या आधी मी पोहोचलो. मीटरवर चार. दार उघडं होतं आणि आतून कोमट, कुजकी वाफ अंगावर आली. कॉम्प्रेसर चालूच होता, पण गारव्याचा गॅस गळून गेला होता. बटाट्यांचा चिखल झाला होता. गुलाबराव आत वेड्यासारखी पोती ओढत होते, आणि मी — मी काय केलं? वायरीचा माग काढत बाहेरच्या खोलीतल्या भिंतीपाशी गेलो. उंदरांनी ती कुरतडून तोडली होती. जोडली. टेप गुंडाळली. आकडा चारवरून एकदम सव्वीसवर गेला. हात जरासुद्धा थरथरले नाहीत माझे. आज लिहितानाही मी हादरतो ते यानंच.

शेठजी आले. गुलाबराव धावत बाहेर आले. "आईची शप्पथ शेठजी, आकडा चारच दाखवून राहिला होता! साहेब, तुमी तरी सांगा ना जी यायले!"

आणि मी सांगितलं. मीटर बरोबर आहे, म्हणालो. मी आलो तेव्हाही सव्वीसच होता, म्हणालो. कोणी विचारलं होतं हे दुसरं वाक्य? कोणीच नाही. गुलाबरावांनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच दिवशी त्यांची नोकरी आणि खोली, दोन्ही गेलं. मीटर शेठजींकडे राहिला. प्रोग्रॅम मी नंतर गुपचूप दुरुस्त केला.

काही वर्षांनी इतवारीत ते दिसले. हातगाडी ओढत होते, वर पोती. मी गल्लीत वळणार होतो, पण त्यांनी आधी पाहिलं. गाडी मध्येच थांबवली. मला वाटलं, आता चारचौघांत गचांडी धरतील.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "तुमच्या मशीनवर खोटा आळ घेतला जी मी. मलेच नीट दिसलं नसंन. तवापासून माह्या डोळ्यावर माहाच भरोसा नाही राहिला. माफी द्या."

मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, गुलाबराव," मी म्हणालो. "माफ केलं."